गोंयच्या सायबाला कलम 299 कशाला?

ऑक्टोबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात डिचोली पोलीस ठाण्यात एक गुन्हा नोंदवला गेला. सुभाष वेलिंगकर यांनी संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा, अशी जाहीर मागणी केली होती. त्यावरून भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याबद्दल, त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली. जुन्या गोव्यातल्या शवप्रदर्शनाला तेव्हा जेमतेम दीड महिना उरला होता. पुढच्या आठ-दहा दिवसांत काय काय झालं ते तुम्हाला आठवत असेलच. मडगावात लोक रस्त्यावर उतरले, वाहतूक अडली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. सगळीकडे एकच मागणी होती, अटक करा.

शवप्रदर्शन 21 नोव्हेंबरला सुरू झालं आणि 5 जानेवारी 2025 ला संपलं. त्याच जानेवारीत याच कलमाखाली गोव्यात आणखी एक गुन्हा नोंदवला गेला. या वेळी आरोपी होते लेखक आणि उद्योजक दत्ता दामोदर नायक. स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवणारा हा माणूस. एका मुलाखतीत त्यांनी मंदिरं आणि मठ यांच्या पैशाबद्दल बोचरी विधानं केली आणि दुसऱ्या बाजूच्या भावना दुखावल्या.

या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. ऑक्टोबरमध्ये ‘कायदा आपलं काम करतोय’ म्हणणारे माझ्या ओळखीतले कितीतरी जण जानेवारीत ‘लेखकाची मुस्कटदाबी’ म्हणत होते. आणि ऑक्टोबरमध्ये ‘प्रश्न विचारणं हा काय गुन्हा झाला?’ म्हणणारे जानेवारीत पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत होते. कलम तेच, तीन महिन्यांत फक्त टाळ्या वाजवणारे हात बदलले. त्यामुळे माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कॅथलिक म्हणून, आणि त्यातही पेडण्यातली कॅथलिक म्हणून, मला हे कलम नको आहे. माझ्या बाजूनं वापरलं जातं तेव्हाही नको.

दुखलं नाही असं मी म्हणत नाहीये. आमच्या घरात गोंयचो सायब हा चर्चमधला संत कमी आणि घरातला मोठा माणूस जास्त. शामाय त्याच्याशी बोलते तेव्हा प्रार्थना करतेय की गाऱ्हाणं घालतेय ते कळत नाही. नातवंडांच्या परीक्षा, गुडघेदुखी, शापोऱ्याला मासळी मिळाली नाही, सगळं त्याच्या कानावर घातलं जातं. 3 डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात जी गर्दी असते तिच्यात हिंदू किती आणि ख्रिश्चन किती हे कुणी मोजत नाही. अशा माणसाबद्दल कुणी ‘हा तो नव्हेच’ म्हणालं की लागतं.

पण नेमकं काय लागलं, हे जरा सावकाश बघूया. अवशेष खरे आहेत का, हा प्रश्न काही पाप नाही. अमुक एक अवशेष अस्सल आहे असं मानणं हा काही कॅथलिक श्रद्धेचा सिद्धान्त नाही, आणि तसं चर्चही म्हणत नाही. एखाद्या इतिहासकारानं किंवा डॉक्टरनं हा प्रश्न विचारला असता तर आमच्या वाड्यावर कुणी जेवण टाकून उठलं नसतं. लागलं ते निराळंच. ‘तुमचा सायब इथला नाही’ या वाक्यामागे ‘तुम्हीही इथले नाही’ हे दुसरं वाक्य उभं असतं, आणि माझ्या वडिलांच्या पिढीला तेच पहिल्यांदा ऐकू येतं. हा घाव श्रद्धेवर नाही, शेजारावर आहे. कलम 299 ला हा फरक दिसत नाही. ते भावनेचं तापमान मोजतं. नागरिक म्हणून माझं इथलं असणं कुणी नाकारलं, याची त्याच्याकडे नोंदच नाही.

हे कलम आलं कुठून तेही सांगते, कारण आपल्या वर्गात अनेकांना ते संविधानाबरोबर आलं असं वाटतं. ते आहे 1927 चं, इंग्रजांच्या काळातलं. 1924 साली लाहोरच्या राजपाल नावाच्या प्रकाशकानं पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर टीका करणारं ‘रंगीला रसूल’ हे पुस्तक काढलं. खटला झाला. लाहोर उच्च न्यायालयानं 1927 मध्ये त्याला सोडलं, कारण त्या वेळचा कायदा दोन समाजांत वैर पसरवण्याबद्दल होता आणि होऊन गेलेल्या धर्मपुरुषावरची टीका त्यात बसत नव्हती. त्यावर गदारोळ झाला आणि त्याच वर्षी सरकारनं दंडसंहितेत 295अ घातलं. जुलै 2024 पासून नव्या संहितेत तेच 299 या क्रमांकानं आलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि राजपालचं काय झालं? नवं कलम होऊन दोन वर्षं झाली तरी 1929 मध्ये त्याचा खून झालाच. कायद्यानं ना त्याला वाचवलं, ना मारणाऱ्याचा राग शांत केला.

स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयानं 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं. संविधानात अभिव्यक्तीवर मर्यादा घालण्याची जी कारणं दिली आहेत त्यात ‘धार्मिक भावना’ हा शब्द कुठेच नाही. न्यायालयानं आधार घेतला तो सार्वजनिक सुव्यवस्थेचा. म्हणजे साधी टीका नाही, अजाणता झालेला अपमान नाही, तर मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमानच गुन्हा, कारण त्यानं शांतता बिघडते. कागदावर हे ठीक दिसतं. पण याचा व्यवहारातला अर्थ काय होतो? ज्याच्या भावना दुखावल्यावर शांतता बिघडते, त्याच्या भावनेला कायद्याचं वजन. ज्याच्या भावना दुखावल्या तरी तो गप्प घरी बसतो, त्याची भावना कायद्याच्या हिशेबात हलकी. मडगावचा रस्ता अडवताना आपल्या लोकांनी नकळत हेच सिद्ध करायला घेतलं होतं, की बघा, आमचंही वजन आहे.

सासष्टीत हे चालून जाईल. चोपड्यात नाही. पुलापलीकडे शिवोलीला चर्चचा सण असला की सगळा गाव रस्त्यावर. पुलाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, आम्ही थोडे. पेडण्यात माणसं मोजून कायदा चालायला लागला तर पहिला नंबर कुणाचा लागेल हे सांगायला मला गणित नको. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या कलमाखाली शिक्षा झाली की नाही हा प्रश्न फार पुढचा. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे तक्रार नोंदवली गेली की वकील, अटकपूर्व जामीन, चौकशीच्या तारखा, घरच्यांची झोप उडणं हे सगळं आधीच सुरू होतं. ज्याच्यामागे संघटना आहे, नाव आहे, त्याला यातून प्रसिद्धी मिळते. वेलिंगकरांचं वाक्य एरवी दोन दिवसांत विरून गेलं असतं, ते पंधरा दिवस पहिल्या पानावर राहिलं. ज्याच्यामागे कुणी नाही असा एखादा शिक्षक, एखादी कॉलेजची मुलगी, एखादा हौशी नाटककार मात्र पुन्हा तोंड उघडत नाही.

आता जरा आपल्या मंडळाकडे येते. मागच्या वर्षी एका बैठकीत मी सुचवलं होतं की अनंत काकबा प्रियोळकरांवर एक कार्यक्रम करूया. प्रियोळचा हा माणूस, मराठीचा एवढा मोठा संशोधक, 1951 च्या कारवार साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. भारतातल्या मुद्रणाचा इतिहास त्यांनी लिहिला, आणि 1961 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर पुस्तकही लिहिलं. मुद्रणावर कार्यक्रम करायला सगळे तयार. इन्क्विझिशनचं नाव काढल्यावर एकदम शांतता. मग कुणीतरी म्हणालं, ‘सध्या वातावरण बरं नाही गं.’ विषय तिथेच मिटला. नकार कुणीच दिला नाही, हे मला जास्त टोचलं. कुणी बंदी घातली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

वातावरण कधी बरं होणार? इन्क्विझिशन गोव्यात 1560 ते 1812 पर्यंत होतं, मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर. झेवियर 1552 मध्येच वारला, त्यामुळे ते त्यानं चालवलं असं म्हणणं चूक. पण त्यानं 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन हवं अशी विनंती केली होती, हेही खरं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही एकाच श्वासात म्हणता यायला हवीत. मी संताला मेणबत्ती लावते आणि हे पत्रही वाचते. माझी श्रद्धा त्यानं पातळ होत नाही. पण उद्या हीच दोन वाक्यं मी या अंकात थोड्या तिखट शब्दांत लिहिली आणि कुणाला तरी ती मुद्दाम, दुष्ट हेतूनं लिहिल्यासारखी वाटली, तर? माझा हेतू काय होता हे आधी हवालदार ठरवणार, मग वकील, मग न्यायाधीश. वेलिंगकरांना आवरायला आपण जी दोरी मागितली ती अभ्यासकाच्याही मापाची आहे. दोरीला हेतू वाचता येत नाही.

आणि भावना दुखावण्याचा इतिहास आपला कोरा आहे का? थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, 1616 मध्ये रायतूरला छापलेलं, आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा विषय. इंग्लंडहून आलेल्या पाद्रीनं मराठीची केलेली स्तुती आपण दर मराठी दिनाला ऐकवतो. पण त्याच परंपरेतलं दुसरं पुस्तक आपण कधी काढत नाही. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानं 1629 च्या सुमारास गोव्यात संत पीटरवर मराठी ओव्यांचं पुराण छापलं. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच म्हटलंय की यात इथल्या परधर्मीयांच्या मुख्य चुकांचं खंडन केलं आहे. हिंदू देवांबद्दल त्यात जे आहे ते आजच्या 299 समोर पाच मिनिटंही टिकणार नाही. ज्या काळात दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्यात जावं लागलं, त्या काळाच्या जवळपासचं हे पुस्तक. तेव्हा दुखावलेल्यांना पोलीस ठाणं नव्हतं. मला ते पुस्तक जाळायचं नाहीये, बंदही करायचं नाहीये. मराठी शिकणाऱ्यांनी ते वाचावं, रागवावं, त्यावर निबंध लिहावेत. पण मग तोच न्याय उलट्या दिशेनंही लावावा लागतो ना?

मराठी साहित्यात या बाबतीत फुशारकी मारण्यासारखं फार नाही. आनंद यादवांनी ‘संतसूर्य तुकाराम’ लिहिलं, वारकरी मंडळी संतापली, यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी 2009 च्या महाबळेश्वर संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं. अकरा वर्षांनी उस्मानाबादच्या संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. आयुष्यभर मराठीत लिहिलेला वसईचा धर्मगुरू. त्यांनी तर कुणाच्या देवाबद्दल वाकडा शब्दही लिहिला नव्हता. तरी विरोध झाला, धमकीचे फोन गेले. म्हणजे काही जणांच्या भावना नुसत्या आपण असण्यानंही दुखावतात. तिथे आपण काय लिहायचं आणि काय गाळायचं?

आपल्यासारख्या ख्रिस्ती संस्थेत शिकणाऱ्यांनी केरळमधल्या प्रा. टी. जे. जोसेफ यांची गोष्ट माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. तोडुपुळाच्या न्यूमन कॉलेजात ते मल्याळम शिकवत. कॉलेज कॅथलिकांचं. 2010 मध्ये विरामचिन्हांवरच्या एका प्रश्नात त्यांनी घातलेल्या उताऱ्यातलं एक नाव पैगंबरांचं आहे असं मानलं गेलं. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला आणि जुलैमध्ये, चर्चहून घरी येताना, हल्लेखोरांनी त्यांचा उजवा हात तोडला. हल्ला करणारे कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल आपण तावातावानं बोलतोही. पुढचं कुणी बोलत नाही. हात गेल्यावर दोन महिन्यांनी कॉलेजनं त्यांना नोकरीवरून काढलं. पुढे न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं तरी नोकरी परत मिळेना. मार्च 2014 मध्ये त्यांच्या पत्नीनं आत्महत्या केली, आणि त्यानंतर निवृत्तीला मोजके दिवस उरले असताना त्यांना कामावर घेतलं गेलं. हात दुसऱ्यांनी तोडला, पण भाकरी आपल्यातल्यांनीच तोडली. तीही कशासाठी, तर शेजारच्या समाजाच्या भावना दुखावू नयेत म्हणून. गोव्यातच 2020 मध्ये एका कायदा महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेवर मंगळसूत्राबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून गुन्हा नोंदवला गेला तेव्हा त्या कॉलेजनं कारवाई करायला नकार दिला होता. पोस्ट पटण्याचा प्रश्न नाही. मला तरी ती तुलना आवडली नव्हती. पण संस्था अशी वागू शकते, हे बघून बरं वाटलं.

यावर माझी एक मैत्रीण म्हणते, ‘तुझं ठीक आहे, पण बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांचा अपमान करणं आणि उलट, हे सारखं कसं?’ सारखं नाहीच. म्हणूनच मी अपमानाच्या कलमावर विसंबायला तयार नाही. ते दोघांना सारखंच उपलब्ध आहे आणि जोर ज्याचा जास्त त्याला जास्त उपलब्ध आहे. अल्पसंख्याकाला संरक्षण हवं ते त्याच्या देहाला, घराला, दुकानाला, मतदानाच्या हक्काला. ‘यांच्याकडून माल घेऊ नका’, ‘यांना घर भाड्यानं देऊ नका’, ‘अमुक दिवशी त्यांच्या चर्चपाशी जमा’ असं कुणी म्हणालं तर मी स्वतः तक्रार द्यायला जाईन. 2017 मध्ये दक्षिण गोव्यात रात्रीतून क्रूस फोडले गेले, तो सरळ गुन्हा होता. तिथे फुटलेला दगड समोर दिसतो, कुणाच्या मनात शिरून मोजमाप करावं लागत नाही. आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तिथे तर मर्यादा कुणी ओलांडली याबद्दल चर्चाच नको. ती बोलणाऱ्यानं ओलांडली नव्हती.

गंमत म्हणजे आपल्या गोव्याला थट्टेचं वावडं कधीच नव्हतं. पेडण्यात दशावतार बघा. सुरुवातीलाच संकासुर येतो, ब्रह्मदेवाचे वेद चोरलेला, आणि भटजींची अशी काही खेचतो की पुढच्या रांगेतले भटजीच आधी हसतात. हे देवळासमोर, जत्रेत, देवाच्या साक्षीनं चालतं. तियात्रात पाद्री, सॅक्रिस्तान, फेस्ताचा प्रेसिदेंत कुणी सुटत नाही आणि तो तियात्र बघायला पाद्रीच पहिल्या रांगेत. मग 2006 मध्ये ‘द दा विंची कोड’ सिनेमावर गोव्यात बंदी आली तेव्हा आपल्याला नेमकी कसली भीती वाटली होती? कादंबरी तर दुकानात मिळत होती. आंध्र आणि तामिळनाडूतल्या बंदी तिथल्या उच्च न्यायालयांनी उठवल्या. ज्यांना बघायचा होता त्यांनी गोव्यातही सीडीवर बघितला, आणि रविवारी मिस चुकवला नाही.

वेलिंगकरांना उत्तर द्यायला नको होतं असं मी कुठेही म्हणत नाहीये. उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते द्यायला आपल्याकडे मराठीत लिहिणारी, इतिहास वाचलेली माणसं आहेत. झेवियर कोण होता, त्यानं काय केलं, काय चुकीचं मागितलं, आणि तरीही चारशे-साडेचारशे वर्षं पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे हिंदू त्याच्या दारी का येतात, यावर एक चांगला मराठी लेख त्या पंधरा दिवसांत मला वाचायला मिळाला नाही. निवेदनं मिळाली, मोर्चाचे फोटो मिळाले, अटकेची मागणी करणारे फॉरवर्ड तर घरच्या ग्रुपवर दिवसाला वीस. शवप्रदर्शन मात्र ठरल्याप्रमाणे झालं. माझी शामाय व्हीलचेअरवर बसून रांगेत तीन तास होती. डीएनएबद्दल तिला विचारलं तर म्हणाली, ‘तपासूं दी गो तांकां.’ तपासू देत की.

तेव्हा प्रियोळकरांच्या कार्यक्रमाचा विषय मी या सत्रात पुन्हा काढणार आहे. दोन बैठका पुरतील. पहिलीत क्रिस्तपुराण आणि ते पीटर पुराण, दोन्ही एकाच टेबलावर. दुसरीत इन्क्विझिशन, झेवियरच्या 1546 च्या पत्रासकट. इतिहास विभागाच्या सरांनाही बोलवूया, आणि ज्यांना हा विषय मुळातच नको आहे त्यांनी आधी बोलावं, त्यांना हवा तेवढा वेळ. सभागृह मिळालं नाही तर लायब्ररीमागच्या आंब्याखाली जागा आहे. नावं माझ्याकडे किंवा मंडळाच्या सचिवांकडे द्या.